उन्हात ठेवलेली डिस्क

"वैनी, सीड्या आता लोक ज्वारीत पाखरं हाकलायला बांधून राहिले, अन् तुमी नव्या मागवता?" माझा दीर असं म्हणाला तेव्हा मी पार्सल फोडत होते. कात्री हातातच होती, म्हणून जरा जपून बोलले. म्हणलं, "भावजी, शहाणपणा तुमच्या हिंगोलीच्या मोबाइल दुकानात विका. हे दुकान माझं हाय."

दुकान म्हणजे औंढ्याला देवळाच्या रस्त्यावरचा आमचा फोटो स्टुडिओ. यात्रेकरूंचे फोटो, पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन. लग्नाचं शूटिंगही होतं, पण ते आमचे हे होते तोवर. कनेरगाव नाक्यापासून वसमतपर्यंत यांनी किती लग्नं काढली त्याची गणती नाही. ते गेले त्याला आता तीन वर्षं होतील. आणि घरात यांचा एक धड फोटो नाही. हसू नका, फोटोवाल्याच्या घरी असंच असतं. अख्ख्या गावाला उभं करून हसवणारा माणूस स्वतः कायम कॅमेऱ्याच्या मागं. भिंतीवर हार घातलाय तो आधार कार्डावरून मोठा केलेला.

पण आवाज होता. "नवरीबाई, मान वर. मामा, जरा सरका, तुमच्या टोपीनं नवरदेव झाकून राहिला. हां, बराबर!" प्रत्येक शॉटच्या शेवटी हे 'बराबर' ठरलेलं. लोकांना दिलेल्या फिल्ममध्ये ते कुठंच सापडायचं नाही, कारण एडिटिंगला बसले की हे आधी स्वतःचाच आवाज कापायचे आणि वर गाणं चढवायचे. तो राहिला फक्त कच्च्या शूटिंगमध्ये. आणि कच्चं शूटिंग होतं दोन हार्डडिस्कमध्ये.

त्यातली एक हे गेल्यावर पाच महिन्यांत गेली. टिक टिक टिक केलं आणि संपलं. हिंगोली झाली, नांदेड झालं, कोणी हात लावेना. त्या दिवशी मी शटर आतून ओढून घेतलं आणि पोटभर रडले. मग डोळे पुसले. माणूस एकदा गेला, तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. दुसऱ्यांदा मी जाऊ देणार नव्हते.

दिराचं म्हणणं, क्लाउडवर टाका. म्हणलं, क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या घरातलं कपाट, किल्ली त्याची. त्यानं उद्या कुलूप बदललं तर मी कुणाच्या दारात जाऊन ओरडू? मग त्यानं दुसरं काढलं. "फॉरमॅट मारा अन् देऊन टाका सगळं कुणाला तरी. किती दिवस कवटाळून बसता?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उचलली जीभ, लावली टाळ्याला! त्या दिवशी त्याला मी चहासुद्धा विचारला नाही.

पार्सलमधल्या ह्या डिस्कबद्दल मी नेटवर वाचलं होतं. साध्या सीडीत रंगाचा थर असतो, तो ऊन आणि दमट हवा खाऊन टाकते. हिच्यात दगडासारखा कडक थर असतो आणि लेझर त्याच्यात कायमच्या खुणा पाडतो. बनवणारे म्हणतात, माणसाच्या दोन-तीन पिढ्या सहज टिकते. सासूबाईंना सांगितलं तर त्या लगेच म्हणाल्या, "म्हंजी पाट्याला टाकी लावल्यावानी." अगदी तसंच! जे दिराला आठवडाभर कळलं नाही ते ह्या बाईला एका वाक्यात कळलं.

डिस्क लिहायचा रायटर घेतला, त्याच्यासोबत एक सॉफ्टवेअर आलं होतं. ते महिनाभर चाललं आणि अडून बसलं. मुदत संपली, खातं उघडा, ईमेल द्या. अरे वा रे वा! माझ्याच नवऱ्याचा आवाज माझ्याच डिस्कवर उतरवायला मी कुणाची परवानगी मागू? उडवलं ते. जुन्या लॅपटॉपवरचं विंडोज काढून लिनक्स चढवलं. मी बारावी पास, इंग्रजी तोडकंमोडकं. तीनदा बिघडवलं, चौथ्यांदा बसलं. त्यातलं डिस्क लिहायचं सॉफ्टवेअर मोकळं आहे, कुणीही घ्यावं, वापरावं, दुसऱ्याला द्यावं. ना मुदत, ना खातं.

त्याच लिनक्सवरची एक सोय मला फार आवडली. आधी प्रत्येक फाईलचा ठसा काढून ठेवायचा, अंगठ्याचा असतो तसा. डिस्क लिहून झाली की ती वाचायची आणि ठसे पुन्हा जुळवायचे. जुळला की फाईलपुढं 'ओके' येतं. दर ओकेला मी मनात 'बराबर' म्हणायचे. लॅपटॉपची बॅटरी मेलेली होती, म्हणून दोन डिस्क लाईटीनं खाल्ल्या. मग इन्व्हर्टर जोडला.

श्रावणापासून नवरात्रापर्यंत नऊ डिस्क झाल्या. दुसरा संच दिवाळीनंतर काढू म्हणलं, आणि तिथंच माझी अक्कल शेण खायला गेली. घटस्थापनेनंतर दोनच दिवसांत उरलेल्या हार्डडिस्कनंही टिक टिक केलं. आता जे काय होतं ते त्या नऊ डिस्कमध्ये.

खंडेनवमीला सासूबाई दुकानातल्या हत्यारांची पूजा करतात. कॅमेरा, ट्रायपॉड, प्रिंटर, लॅमिनेशनचं मशीन. मी झेंडूची फुलं आणायला गेले. येऊन बघते तर टेबलावर नऊच्या नऊ डिस्क ओळीनं मांडलेल्या, लेझर वाचतो ती चमकती बाजू वर, आणि प्रत्येकीवर ओल्या हळदीकुंकवाचं ठसठशीत बोट!

"हेच खरं हत्यार हाय ना तुझं आता?" सासूबाई कौतुकानं म्हणाल्या.

मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. सासूला बोलू नये ते सगळं बोलले. त्या खाली बसल्या. "मला काय ठाऊक, माय? चमकती बाजू दिसली, तिलाच लावावं वाटलं." खोटं काय होतं त्यात? दुसऱ्या बाजूला मार्करनं माझा गिचमिडकाला होता.

कोमट पाणी घेतलं, त्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकला, मऊ सुती कापडानं मधून कडेकडे पुसत गेले. कुंकू सगळ्यांवरून निघालं. हळद आठांवरून निघाली. त्या आठही वाचल्या, सगळे ठसे जुळले. नववीवर मात्र पिवळा डाग तसाच. रायटर नुसता घरघर करायचा आणि डिस्क बाहेर काढायचा. तिच्यावरचं माझं अक्षर सासूबाईंनी वाचून काढलं होतं, 'भावजींचं लग्न'. लेकाचं लग्न म्हणून हळद दोन बोटं जास्त.

दसऱ्याला दीर सोनं द्यायला आला, त्याला सांगितलं. "माझ्या लग्नाची फिल्म हाय की माझ्याकडं," तो म्हणाला.

"तिच्यात गाणी हायेत, भावजी. तुमचा भाऊ न्हाई."

तेवढ्यात सासूबाई आतून म्हणाल्या, "हळदीचा डाग उन्हात जातो. एवढंबी ठाऊक न्हाई तुमाला? मी कुरुंद्याची लेक हाय, हळदीत वाढलेली."

दीर म्हणाला, "माय, डिस्क उन्हात ठेवत नसतात." मीही तेच म्हणणार होते. पण ही डिस्क उन्हाला भीत नाही, हे सांगत सांगत मी ह्याच माणसाशी भांडले होते. आता भ्यायचं कुणी, मी? अंगणात बाज टाकली, वर धुतलेलं धोतर अंथरलं आणि डिस्क ठेवली. सकाळचं कोवळं ऊन, तापायला लागलं की आत. तीन दिवस सासूबाई हातात काठी घेऊन शेजारी बसल्या, कुरडया राखतात तशा. जाणारे-येणारे विचारायचे, "म्हातारे, काय वाळवून राहिली?" त्या म्हणायच्या, "माझं लेकरू."

चौथ्या दिवशी डाग शोधून सापडेना. दीर हिंगोलीचं दुकान बंद ठेवून आला होता, पाठीमागं उभा. मी डिस्क घातली. घरघर झाली, थांबली, आणि फाईली दिसल्या. ठसे जुळवायला लावले. ओके. ओके. ओके. शेवटची ओळ येईस्तोवर माझा जीव टांगणीला, आणि तीही ओके!

"वैनी," दीर म्हणाला, "अजून एक संच काढा. डिस्क मी मागवतो."

"काहून? पाखरं हाकलायला?" मी सोडते होय!

मग फाईल लावली. मांडव, पोरांचा गलका, कुठंतरी भांडं पडलं. सासूबाई लॅपटॉपसमोर मांडी घालून बसलेल्या. पडद्यावरही त्याच, पंधरा वर्षांनी तरुण, कुणाशी तरी बोलण्यात गुंग. आणि कॅमेऱ्याच्या मागून, अगदी जवळून, यांचा आवाज आला.

"माय, पदर नीट घे. अन् इकडं बघ."

माझ्या शेजारी बसलेल्या सासूबाईंनी डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी नीट घेतला आणि समोर बघितलं.

"हां, बराबर!"