वयाला शोभेल असं

आई रिटायर झाली त्या महिन्यात तिने एक घड्याळ पसंत केलं आणि मी ते तिला घेऊ दिलं नाही. सांगायचं ते एवढंच आहे. पण मी शिक्षिका आहे, दोन ओळींचं उत्तर पानभर लिहून घ्यायची सवय आहे, तेव्हा पहिल्यापासून सांगते.

आई बोईसरला औषधांच्या एका कंपनीत पॅकिंगला होती. गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात भरायच्या, आत माहितीचा कागद सरकवायचा, खोकं बंद करायचं. साताऱ्याकडच्या गावातून लग्न होऊन आली ती वडिलांच्या एका खोलीच्या बिऱ्हाडात, आणि वर्षाच्या आत कामाला लागली. वडील लोखंडाच्या कारखान्यात होते. दोघांच्या पाळ्या क्वचितच जुळायच्या. तरी दोघांचं चांगलं चाललं होतं, किंवा चांगलं चाललं होतं म्हणूनच पाळ्या न जुळण्याचं दोघांना वाईट वाटायचं.

पॅकिंगच्या खोलीत जाताना अंगावर काही ठेवायची सोय नव्हती. बांगड्या नाहीत, अंगठी नाही, घड्याळ नाही, टिकलीसुद्धा नाही. औषधात काही पडायला नको म्हणून. नियम बरोबरच होता, आईनेही त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. पण काचेच्या बांगड्या काही रोज घालता-काढता येत नाहीत, त्यामुळे तिने त्या भरायच्याच सोडल्या. धातूच्या दोन सैल बांगड्या होत्या, त्या लॉकरमध्ये ठेवून आत जायची आणि कित्येकदा तिथेच विसरून घरी यायची. चाळीतल्या बायका म्हणायच्या, अगं भुंड्या हाताने काय फिरतेस, नवरा आहे ना तुझा. आई हसायची.

गावी यात्रेला गेलो की आजी आधी कासारणीला बोलवायची. आई दोन्ही हातभर हिरवा चुडा भरायची आणि चार दिवस उगाचच हात हलवत बोलायची. निघायच्या आदल्या दिवशी मागच्या पडवीत बसून, हाताला साबण लावून, एकेक बांगडी उतरवायची. एखादी उतरवताना फुटलीच, तर फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. मी मोजायला बसायचे. सोळा बांगड्यांतल्या दोन-तीन तरी वाढायच्या. उरलेल्या कागदात गुंडाळून ती आजीकडेच ठेवायची, पुढच्या वर्षासाठी.

लग्नात तिला माहेरून एक घड्याळ मिळालं होतं. सोनेरी, करंगळीच्या नखाएवढ्या तबकडीचं. लग्नाच्या फोटोत ते दिसतं, कारण फोटो काढताना तिने मनगट मुद्दाम पुढे ठेवलंय. त्यानंतर ते डबीत गेलं आणि डबीतच बंद पडलं. घड्याळ न वापरताही बंद पडतं, हे मला तेव्हा नवीन होतं.

मी दहावीत असल्यापासून आईला सुधारायचं व्रत घेतलं होतं. तिने काय वाचावं, काय खावं, शेजारणीला काय उत्तर द्यावं, सगळं मी सांगायची. नोकरीला लागून पालघरला राहायला आले, लग्न झालं, तरी व्रत सुटलं नाही. वडील गेले तेव्हा तर मी पेटूनच उठले. दिवस घालायला गावी गेलो होतो. आत्या आईच्या कपाळाकडे बघून मला बाजूला घेऊन म्हणाली की आता तिला टिकली शोभत नाही, रंगीत पातळही नको, चार लोक बघतात. मी चार लोकांदेखत तिला झाडली. शोभत नाही म्हणजे काय, कोणाच्या डोळ्यांना शोभत नाही, त्या डोळ्यांचं औषध करा, असं बरंच बोलले. आत्या रडली. परतताना गाडीत मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. आईची टिकली राहिली. ती तिला ठेवायची होती की नाही, हे विचारायचं मात्र माझ्याकडून राहून गेलं.

पुढे काही वर्षांनी आई रिटायर झाली. निरोपाला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते बघून ती मला फोनवर म्हणाली की आता हातातलं घ्यायचं, चांगलं, परदेशी कंपनीचं, शोरूममधलं. मला आनंदच झाला. आईने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. ती पालघरला आली, चहा घेतला, आणि आम्ही स्टेशनजवळच्या नव्या काचेच्या दुकानात गेलो. आत शिरताना तिने चपला काढायला सुरुवात केली, मी तिला दंडाला धरून आत नेलं.

तिने फार शोधलं नाही. जणू आधीच ठरवून आली होती. एक घड्याळ दाखवायला सांगितलं. मोठी तबकडी, आत शिंपल्यासारखी चमक, हलवली की गुलाबी आणि निळी दिसणारी. भोवती बारीक खडे. पट्ट्याऐवजी सोनेरी कडं, बांगडीसारखं. काउंटरवरच्या मुलीने ते तिच्या डाव्या हातात घातलं. आईने हात लांब केला, जवळ आणला, परत लांब केला. मग तिने माझ्याकडे बघितलं.

आता मी काय बोलले ते लिहायलाच हवं. मी म्हणाले, “आई, हे कॉलेजच्या पोरींचं आहे. बुढ्ढी घोडी लाल लगाम होईल. तुझ्या वयाला शोभत नाही.”

गमतीने म्हणाले. बोईसरमध्ये वाढलेल्या माणसाच्या तोंडात हिंदी म्हणी आपोआप येतात. काउंटरवरची मुलगी हसली, आईही हसली आणि घड्याळ काढायला लागली. ते कडं उघडायचं कसं ते तिला कळेना, म्हणून मीच काढून दिलं. मग मुलीने ‘आंटींसाठी’ म्हणून दुसरा ट्रे आणला. त्यातलं मी एक निवडलं. पांढरी तबकडी, बारीक काटे, तपकिरी चामड्याचा पट्टा. साधं, पण भारी दिसणारं. खरं सांगायचं तर अतिशय सुंदर घड्याळ होतं ते. किंमत त्या पहिल्याच्या बरोबरीचीच होती, म्हणजे मी तिचे पैसे वाचवले असंही नाही. आई म्हणाली, तू म्हणतीस तर हेच घिऊ.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आत्याला रडवणारा शब्द मी जसाच्या तसा उचलून आईच्या हातावर ठेवला होता, आणि मला ते कळलंही नाही. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं की माझ्यामुळे आईने चांगली वस्तू घेतली.

त्यानंतर मी महिन्यातून एखाद्या रविवारी बोईसरला जायची. आईच्या हातात घड्याळ असायचं. मी प्रत्येक वेळी म्हणायची, बघ किती छान दिसतंय. ती म्हणायची, व्हय की. फक्त एक गोष्ट मला खटकायची. बेल वाजवली की ती दार उघडायला वेळ लावायची. आतून “आले आले” असा आवाज यायचा, कपाट लागल्यासारखं वाजायचं, आणि मग दार. मी तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत उभी. एवढ्याशा घरात इतका वेळ कसा लागतो म्हणून मी चिडायचे, गुडघ्यांचं तेल आणून द्यायचे.

मग तिच्या पायांवर सूज यायला लागली. बोईसरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, पालघरला पाठवलं, आणि किडन्या जवळजवळ गेल्याचं निदान झालं. डायलिसिस ठरलं, त्यासाठी डाव्या हाताची छोटी शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी बजावलं की या हाताला जपायचं. वजन उचलायचं नाही, रक्तदाब तपासू द्यायचा नाही, बांगडी नको, घड्याळ नको, काहीही आवळणारं नको.

आई मला म्हणाली, “कंपनीतल्यावाणीच झालं की.”

घड्याळ तिने लगेच काढून पर्समध्ये ठेवलं. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा बोईसरला गेले तेव्हा बेल वाजताच दार उघडायचं. माणूस आजारी पडल्यावर दार लवकर कसं उघडायला लागतो, हा प्रश्न मला पडला नाही. रोज मुलांना प्रश्न घालणारी बाई मी.

आठवड्यातून दोनदा ती पालघरला यायची. शाळा दुपारी सुटली की मी तिच्याजवळ जाऊन बसायची. चार तास मशीन चालायचं. मी वह्या तपासायची, ती समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पडलेली असायची. एकदा असंच बसलो असताना तिने विचारलं की ते चमकणारं घड्याळ अजून दुकानात असेल का. मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. मी म्हणाले, तुला एवढं आवडलं होतं तर तेव्हा बोलली का नाहीस.

ती रागावली नव्हती. दुसऱ्या कोणाबद्दल बोलावं तशी बोलत होती. “शोभायच्या वयात हात भुंडा ठिवायला लागला. हात मोकळा झाला, तर तू म्हणलीस, वय गेलं.” थोडं थांबून तिने विचारलं, “मग माझं वय हुतं कवा गं?”

माझ्या हातात लाल पेन होतं. मी सहावीच्या एका वहीत बरोबरच्या खुणा करत राहिले. नर्ससमोर रडायची मला लाज वाटली. मशीनने मध्येच शिट्टी दिली, नर्स आली, नळी सरळ करून गेली. मग मी म्हणाले की आपण ते घड्याळ आणू, उजव्या हातात घाल, उजव्याला कोणी मना केलेलं नाही. आईने मान हलवली. कधी जायचं, विचारलं. मी म्हणाले, दहावीचे पेपर तपासायला आलेत, ते एकदा गेले की लगेच जाऊ.

पेपर गेले. मग शाळेचा निकाल आला, मग नवऱ्याच्या गावची पूजा आली. दुकान माझ्या शाळेच्या वाटेवर होतं. मी रोज दोनदा त्याच्यासमोरून जात होते, आणि आईला सोबत घेऊनच जायचं असं ठरवल्यामुळे एकटी आत जात नव्हते. आईने परत आठवण केली नाही. आम्हा दोघींत आठवण करून देण्याचं काम माझ्याकडे होतं, तिला ती सवयच नव्हती. जूनच्या सुरुवातीला तिला ताप आला, फुप्फुसात पाणी झालं, आणि तीन दिवसांत ती गेली. तेव्हा तिच्या दोन्ही हातांत काही नव्हतं. उजव्या हाताला सलाइनची पट्टी तेवढी होती, ती नर्सने काढून घेतली.

दिवाळीनंतर घर रिकामं करायला गेले. कपाटात वरच्या कप्प्यात दोन डब्या शेजारी शेजारी होत्या. एक लग्नातली. दुसरी मी निवडलेली. दोन्ही घड्याळं बंद. लग्नातलं मी घरी ठेवायला घेतलं आणि दुसरं सेल घालायला म्हणून बोईसर स्टेशनजवळच्या एका घड्याळवाल्याकडे नेलं. टपरीवजा दुकान, इथलाच म्हातारा माणूस, एका डोळ्याला भिंग लावून बसलेला. त्याने घड्याळ उलटं केलं आणि भिंगातून बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं काही बिघाड आहे.

तो म्हणाला, “ताई, मशीन नवाच हाय. फकस्त सेल गेलाय. हे घातलंच नाय कोणी.”

मी म्हणाले, असं कसं, दोन वर्षं रोज हातात होतं. त्याने काही वाद घातला नाही. घड्याळ माझ्यासमोर धरून नखाने मागची कड दाखवली. मागच्या झाकणावर दुकानातला पातळ प्लास्टिकचा कागद तसाच होता. मग पट्टा उलगडून दाखवला. आपल्या हवेत चामड्याचा पट्टा एक पावसाळा टिकत नाही, घामाने आतून काळा पडतो, असं त्याचं म्हणणं होतं. हा आतून बिस्किटासारखा कोरा होता. भोकाजवळ एक अगदी बारीक मोड होती, वीस-पंचवीस वेळा घटकाभर बांधल्याची.

तेवढ्याच वेळा मी बेल वाजवली होती. तिचं ते “आले आले”, ते कपाट, तो वेळ, मला तिथे उभ्या उभ्या ऐकू आला. माझ्यासाठी ती ते घालायची. मी जिना उतरले की काढून ठेवत असणार. आणि मी तिला गुडघ्यांचं तेल देऊन येत होते.

त्याने सेल बदलला, वेळ लावली. विचारलं, “कोनाचं हाय? तुमचंच का?”

आईचं, असं ओठांवर आलं होतं. पण आईने ते मागितलं नव्हतं, निवडलं नव्हतं, हौसेने एकदाही घातलं नव्हतं. मी म्हणाले, “हो. माझंच.”

त्याने मला हात पुढे करायला लावला, पट्टा बांधला, बरोबर त्याच बारीक मोडीच्या भोकात. मग मान मागे घेऊन बघितलं आणि समाधानाने म्हणाला, “घाला की मग रोज. तुमच्या वयाला शोभतंय.”