न रडणारी सुजाता

नाशिकरोडच्या आमच्या क्वार्टर्ससमोर सुजाता पहिल्यांदा धपकन पडली, तो उन्हाळा होता. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. संस्थेतून तिला घरी आणून जेमतेम आठवडा झाला होता... वय तीन.

गुडघा चांगलाच सोलवटला होता. मी धावणार तोवर बाईसाहेब उठल्या, फ्रॉक झटकला आणि परत खेळायला गेल्या. डोळ्यांत टिपूस नाही! मला तर कौतुकच वाटलं.

बरीच वर्षं वाट पाहून आम्ही मूल दत्तक घेतलं होतं. नातेवाइकांनी आधीच घाबरवून ठेवलं होतं... कुणाचं मूल, कसं निघेल कोण जाणे. त्यामुळे आमची मुलगी हट्ट करत नाही, रडत नाही, दिलं ते खाते, हे मी भेटेल त्याला सांगत सुटले होते.

सासूबाई लासलगावकडच्या. त्यांचं पालुपद एकच, "लय गुणाची पोर हाय माझी नात. आवाज म्हनून नाय!" शेजारणी आपल्या पोरांना सुजाताचे दाखले द्यायच्या आणि मी फुगायची.

संस्थेत महिन्यातून एका शनिवारी आम्हा दत्तक पालकांची बैठक असायची. सतरंजी, चहा, बिस्किटं... आणि मंगलताई नावाच्या समाजसेविका. लहानपणीच हाल सोसलेल्या मुलांना कसं वाढवायचं, यावर तिथे मोकळेपणी बोलायचं.

पहिल्याच बैठकीत सगळे गाऱ्हाणी सांगत होते. मालेगावहून एसटीने आलेल्या जोडप्याचा मुलगा आईला क्षणभर नजरेआड होऊ देत नव्हता. माझी पाळी आली तेव्हा मी ऐटीत म्हटलं, "आम्हाला काही त्रासच नाही बाई. पडली तरी रडत नाही."

मंगलताई हसल्या नाहीत. "पडल्यावर ती तुमच्याकडे बघते का हो?"

मी आठवू लागले... नाही बघत. एकदाही नाही.

"बाळ रडतं ते कुणीतरी यावं म्हणून," त्या हळूच म्हणाल्या. "रडून रडून कुणी आलंच नाही, की ते रडणं सोडून देतं. आता ती रडो न रडो, तुम्ही धावायचं."

येताना बसमध्ये मी तोंडाला पदर लावून बसले होते. यांनी मांडीवरच्या सुजाताला घट्ट धरलं होतं.

सासूबाईंना मात्र पटेना. "पोराला रडायला शिकवत्यात का कुठं? लय शहान्या झाल्या तुमच्या ताई!" असं म्हणाल्या खऱ्या, पण पुढे सगळ्यांत जास्त त्याच धावल्या.

मग आमच्या घरात रोजचाच गोंधळ सुरू झाला. सुजाता नुसती अडखळली तरी मी तव्यावरची पोळी टाकून पळायची, हे पेपर भिरकावायचे, सासूबाई कंबर धरत यायच्या. तिला उचलायचं, फुंकर घालायची, "मुंगी मेली, बघ मुंगी मेली!" म्हणायचं. सासूबाई तर फरशीला चापट मारून दम द्यायच्या, "माझ्या नातीला पाडतीस व्हय गं?"

रडणाऱ्या मुलानं गप्प व्हावं म्हणून हे सगळं करतात. आम्ही ते न रडणाऱ्या मुलीपुढे करत होतो... आणि ती कोरड्या डोळ्यांनी आमच्याकडे बघत राहायची. शेजारणींना वाटलं, यांना ऊन लागलंय.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. मंगलताई दर बैठकीत एवढंच म्हणायच्या, "धावत राहा." मला आतून भीती वाटायला लागली होती... ही आपल्या घरात राहील, जेवेल, मोठी होईल, पण आपली होणारच नाही.

थंडी सरत आली होती तेव्हाची गोष्ट. मी ओट्यापाशी भाकरी थापत होते. सुजाता बाहेर सार्वजनिक नळाजवळ पडली. तिथे बायका पाणी भरत होत्या, पण कुणाला तिनं काही कळू दिलं नाही. तशीच चालत घरी आली.

उंबरा ओलांडला. माझ्याकडे बघितलं. खालचा ओठ थरथरला... आणि मग जे भोकाड पसरलं म्हणता! क्वार्टर्सची अख्खी लाइन गोळा झाली.

कोपर खरचटलं होतं, नखाएवढं. पण रडू तिनं घरापर्यंत जपून आणलं होतं... माझ्यासाठी. पिठाच्या हातांनीच तिला उचललं आणि मीही रडत सुटले.

"कुठं पडली गं माये? दाव मला," सासूबाई म्हणाल्या. सुजाता हुंदके देत त्यांचं बोट धरून नळापर्यंत गेली. त्यांनी तिथल्या फरशीवर सणसणीत चापट मारली. मग सुजातानेही मारली, आणि पुन्हा नव्याने रडायला लागली.

संध्याकाळी सासूबाई वाटीत साखर घेऊन घरोघर निघाल्या. शेजारणीने विचारलं, "काय आजी, कशाची साखर?"

"आमची पोर रडली!"

आता सासूबाई नाहीत, मंगलताईही नाहीत. त्या शनिवारच्या सतरंजीचे उपकार मात्र मी विसरलेले नाही. परवा सुजाताचा फोन आला... ऑफिसात काहीतरी बिनसलं होतं. दिवसभर कुणाला काही दाखवलं नाही म्हणे, आणि माझा आवाज ऐकताच तिला रडू फुटलं.

मी सगळं ऐकून घेतलं, तिची समजूत घातली. फोन ठेवला आणि देवापुढे चिमूटभर साखर ठेवली.