चौथी चित्रा

रायपूर राजधानी झालं आणि जिकडेतिकडे चित्राच चित्रा झाल्या. एक डॉक्टर, बाळंतपणं करणारी. एक टीव्हीवर बातम्या वाचणारी. एक नव्या रायपुरात, मंत्रालयातली मोठी साहेबीण. आणि चौथी आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातली, ब्लाउज शिवणारी. तिघींची नावं पेपरात यायची, हिचं फक्त विजेच्या बिलावर.

लोक तरी कसे बघा! कुणी "चित्राताई" म्हटलं की दुसरा लगेच विचारी, "कोणती, डॉक्टरीण?" "नाही हो, आपली ती, शिवणारी." त्या 'आपली ती'नं तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. टीव्हीवाली दिसली की ही चॅनल बदले. हळदीकुंकवाला डॉक्टरीणबाई येणार म्हटलं की हिचं डोकं दुखे. जळत होती, दुसरं काय! आणि बेधडक कबूलही करायची, "हव, दुखते मह्या पोटात. त्याईनं का नाव विकत घेतलं?"

मग धाकट्या भावाला, अनिमेषला, मुलगी झाली. आईबाप लवकर गेले तेव्हा त्याला हिनंच वाढवला होता, स्वतः बिनलग्नाची राहून. शिवणमशीन चालवून शिकवला, सिलतऱ्याच्या कारखान्यात लावून दिला. एका संध्याकाळी तो म्हणाला, "दीदी, पोट्टीचं नाव चित्रा ठेवून राहिलो." झालं! बाई हवेतच. आपलं नाव कुणीतरी आपल्यासाठी घेतलं, या आनंदात तिनं बाळाला रेशमी झबलं शिवलं आणि मोहल्लाभर दाखवत हिंडली.

बारशाला बायका जमल्या. भावजय शर्मिष्ठा कौतुकानं सांगत होती, "डॉक्टर चित्रा मॅडमने दोनों को बचाया ना. उन्हीं के नाम पे रखा है."

चित्रानं भावाकडे पाहिलं. तो मान खाली घालून पेढ्यांचा डबा उघडत बसला.

तेवढ्यात पाळण्याशी हाक आली. नाव आत्यानंच ठेवायचं, आणि एकदा बाळाच्या कानात पडलं की बदलायचं नाही, ही त्या घराची रीत. चित्रा पाळण्यावर वाकली. त्या बाईचं नाव मी माझ्या तोंडानं माझ्या भाचीला देऊ? मेले तरी नाही! तिनं कानात कुर्रर्र केलं आणि आपल्या आईचं नाव घेतलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं, "कमला!"

शर्मिष्ठेचं तोंड उतरलं. बाकीच्या बायकांना त्याचं काय? त्यांनी हसत हसत आत्याच्या पाठीत रिवाजाचे धपाटे घालायला सुरुवात केली.

अनिमेष जवळ आला. हळूच म्हणाला, "काहून केलं असं, दीदी? नाव तुह्यंच होतं. शर्मिष्ठा म्हणे, चित्रा नाव जुनं झालं, म्हणून डॉक्टरीणबाईचं निमित्त केलं. तिच्यासमोर कसं बोलू?"

बायका ओशाळून थांबल्या. एकीनं चित्राच्या पाठीवरून हात फिरवला.

"थांबू नका वं," चित्रा पाळण्याची कड घट्ट धरून म्हणाली. "मारा. अजून जोरानं मारा."