तिसऱ्या मजल्यापर्यंतची गोष्ट

मल्लेश्वरममधल्या आमच्या इमारतीत लिफ्टमध्ये शिरताना मला दोन गोष्टींची धास्ती असे. एक वीज जाण्याची आणि दुसरी सुमतीअक्का भेटण्याची. वीज निदान परत तरी यायची.

मी आयटीतल्या नोकरीसाठी पुण्याहून नुकतीच आले होते आणि पाचव्या मजल्यावर राहायचे. अक्का तिसऱ्यावर. पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरच्या, त्यामुळे मराठीला कन्नडची फोडणी. हातात कायम एखादा कथासंग्रह. लिफ्टचं दार मिटलं की सुरू. "ऐक गं. एक भाडेकरू असतो, एकदम सभ्य. पण रोज संध्याकाळी स्वतःच्याच खोलीचं दार बाहेरून ठोठावतो. एक दिवस आतून आवाज येतो..." तेवढ्यात तिसरा मजला. पुस्तक माझ्या हातात कोंबून अक्का बाहेर. "पुढचं पुस्तकात. सरी, बरंय, येते."

शाळा सुटल्यापासून मी मराठी पुस्तक उघडलं नव्हतं. त्या मेल्या भाडेकरूपायी अख्खा संग्रह वाचला. भाडेकरू कुठेच नाही! तणतणत खाली गेले. "अक्का, ती गोष्ट यात नाहीच!"

"अय्यो, नाही?" चेहऱ्यावर कमालीचा भाबडेपणा. "मग बाकीच्या वाचाव्या लागल्या असतील. बिचारी! कोणती आवडली?"

त्यावर आम्ही कॉफी गार होईपर्यंत भांडलो. निघताना माझ्या हातात दुसरा संग्रह होता. "चांगलं पुस्तक आहे म्हटलं की कोणी वाचत नाही गं," अक्का म्हणाल्या. "चांगलं तर कारल्यालाही म्हणतात."

यंदा मात्र त्यांच्या हातातलं पुस्तक दिसेनासं झालं. मोतीबिंदू पिकला होता. त्यांचा मुलगा इथेच वाढलेला, मराठी बोलतो, पण त्याला वाचता येत नाही. ऑपरेशनसाठी तो विनवून थकला. अक्कांचं एकच, "बेडा, नको म्हणजे नको! डोळ्याला सुरी नको." लिफ्टमध्ये त्या गप्प उभ्या राहू लागल्या. ते मला बघवेना.

एकदा दार मिटल्यावर मीच सुरुवात केली. "अक्का, नवा संग्रह आणलाय. त्यात एक बाई एकटीच राहते, पण रोज रात्री दोन ताटं वाढते. सकाळी दुसरं ताट रिकामं! एकदा ती जागत बसते, तर..." तिसरा मजला आला. मी पुस्तक त्यांच्या हातात दिलं. "पुढचं पुस्तकात."

वाचून दाखवायलाही मी साफ नकार दिला. अक्कांनी आठवडाभर मला शिव्या घातल्या आणि मग मुकाट्यानं दवाखान्यात गेल्या.

काही आठवड्यांनी त्या तळमजल्यावर माझ्यासाठी दबा धरून उभ्या होत्या. लिफ्टचं दार मिटताच म्हणाल्या, "चोरटी कुठली! सगळं पुस्तक वाचून काढलं. कुठाय ती दोन ताटंवाली?"

"अय्यो, नाही?" मी म्हटलं. "बिचाऱ्या! कोणती आवडली?"

अक्का खो खो हसल्या. मला इतकं बरं वाटलं, की डोळे माझेच भरून आले. तिसरा मजला आला, दार उघडलं. अक्का जागच्या हलल्या नाहीत.

"ताट कोण रिकामं करतं ते सांग. तोवर मी उतरत नाही."

दार मिटलं. लिफ्ट वर निघाली, आणि मला शेवट माहीत नव्हता.