आमच्या कानबाईची पाहुणी

सकाळी दार वाजलं तेव्हा मी चहाला आधण ठेवत होते. दारात शेजारची कांचन उभी, अनवाणी, केस मोकळे. "मावशी, अम्मा उठतच नाहीये..." एवढंच म्हणाली. मी गॅस बंद केला की नाही तेही आठवत नाही. त्यांच्या घरात गेले तर लाजवंती कुशीवर निजलेली, हात गालाखाली, रोज दुपारी पडायची तशीच. कपाळाला हात लावला आणि कळलं. आज महिना होऊन गेला, पण दुपार कलली की "भाभी, चाय रखी क्या?" अशी हाक मधल्या भिंतीपलीकडून येईल म्हणून माझे कान अजून तिकडेच असतात. हाक येत नाही. चहा मात्र दोघींचा होतो, आणि मग मी स्वतःवरच चिडते.

जळगावात सिंधी काही नवे नाहीत. फाळणीनंतर आले, दुकानं थाटली, इथलेच होऊन गेले. लाजवंती मात्र खूप नंतर आली. सिंधमधल्या घोटकी गावाहून, नवरा भागचंद आणि कडेवर कांचन घेऊन. तीर्थयात्रेच्या व्हिसावर म्हणून आली आणि परत गेलीच नाही. तिथं काय झालं होतं ते ती कधी सरळ सांगायची नाही. "दिल उठ गया," एवढंच म्हणायची. आमच्या शेजारच्या दोन खोल्या त्यांना मिळाल्या आणि गल्लीत कुजबुज सुरू झाली, पाकिस्तानवाले आलेत म्हणे! अहो, जीव मुठीत धरून पळून आलेली माणसं ती, आणि आमच्या गल्लीतल्या बाया खिडकीचे पडदे लावून घ्यायच्या. जुन्या सिंध्यांनी भागचंदला कापडाच्या दुकानात कामाला लावलं, पण घरच्या लग्नकार्यात तेही जरा अंतर राखूनच. तिकडं म्हणायचे हे इकडचे, इकडं म्हणायचे हे तिकडचे. बिचारीनं जायचं तरी कुठं?

त्यांच्या घरात पहिलं पाऊल टाकलं ते माझ्या सासूबाईंनी, अक्कांनी. हिवाळा होता, वांग्याचं भरीत केलेलं. वाडगाभर भरीत आणि दोन ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी घेऊन अक्का तरातरा गेल्या आणि तासाभरानं हसत आल्या. म्हणे, "पोरगी गोड शे. पन ती इचारस, वांगं जळी कसं गयं?" भाजलेलं वांगं जळकं समजून लाजवंतीला आमची दया आली होती! पुढं हीच बाई भरताची वांगी निवडायला मला सोबत घेऊन जायची आणि भाजीवाल्याशी अशी हुज्जत घालायची की मीच चार पावलं मागं उभी राहायची.

आता कानबाईचं सांगते, कारण त्याशिवाय लाजवंती कळायची नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आम्हा खान्देशी लोकांच्या घरी कानबाई बसते. नारळाची देवी, तिला साडी, नथ, सगळा साज. अक्का आमच्याकडे राहायच्या म्हणून आमची कानबाई जळगावात, आणि आमच्या मूळ गावचे, सोनगीरचे, सगळे भाऊबंद त्या दिवशी आमच्या घरी. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं मूठमूठ गहू घ्यायचे, ते दळायचे आणि त्या पिठाचे रोट करायचे. हे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्याला तुकडाही द्यायचा नाही. खीर द्या, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी द्या, पण रोट नाही. आम्ही इतके कडक, की लेक सासरी गेली की तिलासुद्धा देत नाही.

पहिल्याच वर्षी गाणी ऐकून लाजवंती दर्शनाला आली. डोक्यावरून ओढणी घेतलेली. देवीसमोर उभी राहिली आणि तिच्या रिवाजाप्रमाणे तिनं ओढणीचा पदर दोन्ही हातांनी पुढं पसरला. सिंधी लोक देवाकडं असंच मागणं मागतात, पल्लव म्हणतात त्याला. आमच्या चुलत सासूबाई रोटांची पाटी घेऊन तिथंच बसलेल्या, डोळ्यांनी अधू. त्यांना वाटलं, कुणाची तरी नवी सून प्रसाद मागते आहे. ठेवला रोट पदरात! आणि देवाचा प्रसाद हातात धरून ठेवायचा नसतो म्हणून लाजवंतीनं तो तिथल्या तिथं खाऊन टाकला, कांचनलाही भरवला. मग काय विचारता! गाणी थांबली. चुलत सासूबाई रडकुंडीला आल्या, "माले वाटनं, नवी वहू शे!" आमचे मोठे दीर, नाना, ताडकन उठले. पन्नास माणसांत एकटे नाना तापले की पन्नास माणसं गप्प होतात. ती पोर बिचारी ओढणी धरून उभी, काय चुकलं तेच तिला कळेना. तेव्हा अक्का चुलीपासून उठल्या, हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "रोट खादा ना तिनी? मंग आते ती आपलीच शे. बसा खाली बठ्ठा." आणि पुढच्या वर्षीपासून भागचंदच्या नावाची मूठही त्या आपल्या हातानं घ्यायला लागल्या.

नानांनी आईपुढं तोंड उघडलं नाही. पण माणूस सोनगीरच्या किल्ल्याएवढा कडक. दरवर्षी पंगत बसली, लाजवंती माझ्याशेजारी येऊन बसली, की नाना वाढणाऱ्याला मोठ्यानं सांगायचे, "त्या पाहुणीले वाढा आधी!" सगळे हसायचे. लाजवंतीही हसायची, अगदी तोंडावर ओढणी धरून. ताटावरून उठल्यावर मात्र हात धुताना मला हळूच विचारायची, "भाभी, नाना मला अजून पाहुणीच समजतात?" मी म्हणायचे, सोड गं, म्हातारं खोड आहे. ती मान डोलवायची, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच विचारायची.

व्हिसावरच राहत असल्यानं तिला परवानगीशिवाय शहराबाहेर जायची मुभा नव्हती. आमचं नशिराबाद हाकेच्या अंतरावर, तिथं जायचं तरी परवानगी हवी. माझ्या लेकीचं लग्न धुळ्याला होतं. लाजवंतीनं हळदीसाठी पिवळी साडी घेतली, मेंदी काढली, आणि परवानगी काही आली नाही. आमची वऱ्हाडाची गाडी निघाली तेव्हा ती साडी नेसून दारात उभी होती. मुलीच्या हातात शगुनाचा नारळ दिला, म्हणाली, "मी इथूनच नाचते." आणि खरंच नाचली हो, भर गल्लीत! गाडी वळेपर्यंत मी मागं बघत होते. तिचा भाऊ घोटकीला वारला तेव्हाही अशीच दारात उभी होती, पण तेव्हा नुसतीच उभी. परत गेली असती तर नागरिकत्वासाठी मोजली जाणारी इथली सगळी वर्षं पाण्यात गेली असती. अक्कांनी तिला दिवसभर जवळ घेऊन बसवलं. दोघींची भाषा एक नाही, पण कुणी काही बोलतच नव्हतं.

अक्का गेल्या. भागचंद गेला. आणि मग एकदाचं तिचं नागरिकत्व आलं. कलेक्टर कचेरीतून ती आणि कांचन रिक्षानं आल्या, अख्ख्या गल्लीला पेढे. मला मिठी मारून म्हणाली, "भाभी, सरकारनं मान लिया. आता फक्त नाना राहिले!" आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. पण तिच्या डोळ्यांतलं पाणी नुसत्या हसण्याचं नव्हतं, ते मला दिसत होतं.

ती गेली तो शुक्रवार. रविवारी कानबाई. नागपंचमी होऊन गेलेली, घर सारवून-पुसून, चौरंग मांडून तयार, दळणही आलेलं. स्मशानातून आमचे हे परत आले, आंघोळी झाल्या, आणि मी त्या मांडलेल्या चौरंगासमोर नुसती बसून राहिले. माझे हात चालेनात. पण म्हणणार कुणाला? शेजारीण गेली म्हणून कुणी कुळाची कानबाई थांबवतं का? संध्याकाळी नाना सोनगीरहून आले. ह्यांनी फोन केला होता म्हणे. पिशवी खाली ठेवली, चौरंगाकडं पाहिलं आणि म्हणाले, "हाई बठ्ठं उचली ल्या."

सगळं उचला? मला वाटलं माझीच ऐकण्यात चूक झाली. कानबाईसाठी आधीच आलेला धाकटा दीर म्हणाला, "पण नाना, त्या तर शेजारच्या..."

"आपला रोट खायेल शे तिनी," नाना त्याच्यावर असे ओरडले की भिंतीपलीकडं ऐकू गेलं असेल. "आपलाले सुतक शे. घरात मरण आणि कानबाई बसाडतस का?"

यंदा आमच्या कुळात कुणाच्याच घरी रोट झाले नाहीत. दहाव्याला सोनगीरच्या नदीवर नानांनी मुंडण केलं, त्यांच्यामागं दोघा दिरांनी, मग ह्यांनी. बाराव्याच्या दिवशी ते चौघे तसेच चकचकीत डोक्यांनी कांचनच्या घरी जाऊन बसले. कांचन बघतच राहिली. म्हणाली, "नाना, आमच्यात शेजारच्यांनी असं नाही करायचं असतं..."

"तुमच्यात नसेल बेटा," नाना म्हणाले. "आमच्यात घरचं माणूस गेलं की करतात."

तिला हुंदका आवरेना. आणि मला... खोटं कशाला बोलू, मला नानांचा असा राग आला! इतकी वर्षं ती ज्या एका शब्दासाठी पंगतीत येऊन बसली, तो यांनी आता काढला. राहवलं नाही, बाहेर ओट्यावर आल्यावर म्हणालेच, "नाना, हे तिला एकदा तरी म्हणायचं होतं. दरवर्षी पाहुणी, पाहुणी... हात धुताना विचारायची हो ती मला, नाना मला अजून पाहुणीच समजतात का म्हणून."

नाना माझ्याकडं बघतच राहिले. टोपी नव्हती, केस नव्हते, एकदम लहान दिसत होते.

"ती हसायची ना..." म्हणाले. "मला वाटायचं, तिला आवडतं."