पोटातली भरती

भाईंदर पूर्वेला डॉक्टर संपदांचं चार खाटांचं प्रसूतिगृह होतं. पण तिथे राज्य चालायचं ते पंचशीला सिस्टरचं. बाई मूळची नांदेडकडची, नवऱ्याच्या नोकरीपायी पेणकरपाड्यात येऊन राहिलेली. जिभेला हाड नाही. चपला घालून आत शिरणारा नगरसेवक का असेना, ती त्याची बिनपाण्याने करायची. तरीही जवळच्या खारी गावातल्या बायका म्हणायच्या, शिव्या खाव्या लागल्या तरी चालेल, पण बाळंतपण हिच्याच हातून व्हावं. मला विचाराल तर त्या बायका शहाण्या होत्या.

एक्क्याण्णव-ब्याण्णव सालची गोष्ट. दुपारची वेळ. खारीच्या विमलाबाईंची सून कुंदा खाटेवर कळा देत होती. पाणमोट सकाळीच फुटलेली, आतलं पाणी जवळजवळ सगळं निघून गेलेलं. कळ आली की नाळ दाबली जायची आणि बाळाचे ठोके मंदावायचे. कुंदाला कुशीवर वळवून पाहिलं, फरक पडेना. सिझेरियनसाठी भूल देणारे डॉक्टर बोरिवलीहून निघाले होते. पण ते पोचेपर्यंत बाळाने दम धरायला हवा होता.

"सिस्टर, सलाइन कोमट करा. आत सोडू या," डॉक्टर संपदा म्हणाल्या. बारीक नळीने गर्भाशयात पाणी भरायचं, म्हणजे नाळेवरचा दाब कमी होतो. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात त्या हे शिकून आल्या होत्या.

हे ऐकलं मात्र, विमलाबाई खाटेला आडव्या आल्या.

"पोटान पानी घालताव? पोर बुडंल ना! माजा थोरला खाडीन गेला. आता यो पन पान्यान घालवू? न्हाय!"

कुंदा कण्हत म्हणाली, "आई सांगतील तसंच करा."

डॉक्टरांनी समजावून पाहिलं, पण विमलाबाईंच्या कानात शब्द शिरत नव्हते. एरवी अशा वेळी पंचशीलाचा तोफखाना सुरू झाला असता. पण मिठागरात राबून राबून चिरा पडलेले ते हात खाटेची कड सोडायला तयार नाहीत हे तिने पाहिलं आणि तिचा आवाजच खाली आला. पोरगं गमावलेल्या बाईवर काय ओरडायचं!

"मावशी, इकडे या. कान लावा," ती म्हणाली. ठोके ऐकायचं पत्र्याचं नळकांडं तिने कुंदाच्या पोटावर टेकवलं आणि विमलाबाईंचं डोकं हलकेच त्यावर वाकवलं. "ऐकू येतंय? हा तुमचा नातू नाहीतर नात. आता कळ येतेय बघा."

कळ आली. विमलाबाईंचा चेहरा उतरला. "थांबताय... शिष्टर, थांबताय यो!"

"बुडत नाहीये मावशी, कोरडा पडलाय. त्याच्या भोवतीचं पाणी गेलंय, म्हणून नाळ चेपतेय. तेवढंच परत देतोय आपण."

विमलाबाईंनी नळकांड्यावरून डोकं उचललं. मग डोळे पुसत म्हणाल्या, "म्हंजी होरी चिखलान रुतली, आन तुमी भरती आनताव."

"अगदी तसंच! पाणी चढलं की होडी सुटते."

"मंग आना. बिगी आना."

पंचशीलाने गरम पाण्याच्या पातेल्यात बाटली धरली, थेंब मनगटावर टाकून पाहिला, चटका नाही अन् गारवाही नाही. डॉक्टरांनी नळी सरकवली. पाणी सावकाश आत जाऊ लागलं. पंचशीला पोटावरून कान काढेना. एक कळ गेली, दुसरी गेली. तिसऱ्या कळेलाही ठोके टिकले, तेव्हा तिने मान वर केली आणि हसली. भूलवाले डॉक्टर घाम पुसत पोचले, तेव्हा त्यांच्या वाट्याला नुसता चहा उरला होता. कुंदाला मुलगा झाला होता आणि तो प्रसूतिगृह डोक्यावर घेत होता.

बाळाची पहिली आंघोळ पंचशीला कुणाला करू देत नसे, डॉक्टरांनाही नाही. टबात कोमट पाणी काढून ती वळली, तर विमलाबाई मागे उभ्या. थोरला गेल्यापासून या बाईने कुठल्याही लेकराला स्वतःच्या हाताने पाण्यात घातलं नव्हतं, हे कुंदाने तिला सांगितलं होतं.

"शिष्टर, मी घालू त्याला आंघोल?"

पंचशीलाने बाळ त्यांच्या हातात दिलं. विमलाबाईंनी त्याला हळूहळू पाण्यात उतरवलं. पंचशीलाने आपला तळवा पाण्याखाली, बाळाच्या पाठीशी धरून ठेवला.