टिपणीसांचं फुल्ल हीटिंग
अबुधाबीत वीस वर्षं एसीखाली काढलेल्या निनाद टिपणीसांनी बर्फ बघायला म्हणून जॉर्जियाच्या डोंगरात घर घेतलं आणि थंडी सोसत नाही म्हणून हिवाळाभर ते रिकामं ठेवलं. पाइप गोठू नयेत यासाठी तिथलं हीटिंग साहेब इथून मोबाइलवर सांभाळत.

जानेवारीत हिमवादळाचा इशारा आला. "फुल्ल करतो, खलास!" म्हणत त्यांनी एसीच्या सवयीने आकडा खाली, थेट पाच अंशांवर नेला.

"अहो, हा एसी नाहीये," त्यांची बायको विभावरी म्हणाली.

"तुला टेक्निकलमधलं काय कळतं?"

चौथ्या दिवशी केअरटेकरने व्हिडिओ कॉल केला. भिंतीतला पाइप गोठून फुटला होता, हीटिंग बंद पडलं होतं आणि हॉलभर बर्फ झाला होता.

"बघा, तुमचा बर्फ सोफ्यापर्यंत आला," विभावरी म्हणाली.

टिपणीसांना घाम फुटला. त्यांनी रिमोट उचलला आणि घरातला एसी फुल्ल केला. सोळावर.